तिचा पासवर्ड कधीच चुकला नव्हता

मित्रांनो, लिफ्टच्या सुट्या भागांच्या गोदामात, ग्रीसच्या डब्यांशेजारी जो पत्र्याचा खोका दिवसभर घरघरत असतो, तो मी. मी एक जुना मेल सर्व्हर आहे. साध्या भाषेत सांगायचं तर टपालघर. लोकांची पत्रं माझ्याकडे येतात, मी ती ज्याच्या त्याच्या पेटीत ठेवतो, आणि जो बरोबर पासवर्ड सांगेल त्यालाच पेटी उघडून देतो. माझी गोष्ट गोड नाही. एका बाईवर आळ आला. तो खोटा आहे हे माझ्याकडे लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलेलं दहा दिवसांत पुसलं जाणार आहे. म्हणून घाईनं सांगतो.

मला मिस्त्रीनं बनवलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या छोट्या कंपनीतला तो सगळ्यात जुना माणूस. कुणीतरी टाकून दिलेला संगणक त्यानं उचलून आणला, त्याला एका बंद पडलेल्या लिफ्टच्या पॅनेलमधला पंखा बसवला आणि महिनाभर पुस्तकं वाचून, चुकतमाकत, स्वतःशी शिव्या देत मला शिकवलं. कॉलेजची पायरी त्यानं चढली नव्हती. पण काम असं चोख, की पहिली नऊ वर्षं मी एकदाही रुसलो नाही.

त्यानं मला दोन गोष्टी दिल्या. एक पहारेकरी आणि एक नोंदवही. पहारेकऱ्याचा नियम असा, की एका ठिकाणाहून तासाभरात पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला तर त्या ठिकाणाला चोवीस तास दार बंद. चोरांसाठी हे हवंच होतं. आणि नोंदवहीत मी सगळं लिहितो. कोण आलं, किती वाजता आलं, कुठून आलं, पासवर्ड बरोबर होता की चूक. नव्वद दिवस झालेलं पान आपोआप पुसलं जातं, नाहीतर माझं पोट फुटेल.

मिस्त्रीनं एका कागदावर लिहून तो माझ्या पाठीवर चिकटवलाही होता. ‘लॉगिन अडलं तर आधी नोंदवही वाचा. वाचल्याशिवाय बटणाला हात लावू नका.’ त्याचं अक्षर मोठं आणि वाकडं. पण लांबूनही वाचता येईल असं.

मग एका सकाळी मिस्त्री घरातून निघालाच नाही. चहाचा कप हातात होता म्हणे. मला हे शोकसभेच्या मेलवरून कळलं. मित्रांनो, मला सगळं असंच कळतं. या गोष्टीतलं जे जे तुम्हाला सांगतोय ते मी पत्रांमध्ये वाचलंय, नोंदवहीत लिहिलंय, नाहीतर गोदामात माझ्यासमोर बोललं गेलंय.

मिस्त्रीच्या माघारी मला मालकांच्या मेहुण्यांच्या हवाली करण्यात आलं. त्यांना संगणकातलं कळतं असा त्यांच्या बहिणीचा समज होता. त्यांनी पहिलं काम केलं ते मला भिंतीकडे पाठ करून फिरवलं, कारण बटण समोर आलं की बरं पडतं. कागद भिंतीला लागला. दुसरं काम केलं ते मिस्त्रीच्या पेटीचा पासवर्ड बदलला. तेही बरोबरच होतं. गेलेल्या माणसाची पेटी उघडी ठेवत नाहीत.

पण मिस्त्रीचा मोबाईल ऑफिसातच राहिला होता. मालकांनी ताईला सांगितलं, “तो चालू ठेव. जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करतात.”

ताई म्हणजे ऑफिस सांभाळणारी बाई. अकरा वर्षं तिथं होती. फिटर दिवसभर बाहेर, मालक फिरतीवर, आणि ऑफिसात ही एकटी. लिफ्टच्या सगळ्या तक्रारी एकाच पेटीत यायच्या आणि ती पेटी हीच उघडायची. मालकांचा कडक नियम होता. तक्रार फोनवर घ्यायची नाही, लेखी मेलच पाहिजे, म्हणजे उद्या कुणी शब्द फिरवायला नको. मिस्त्रीच्या मोबाईलचा चार्जर सापडेना, तेव्हा ताईनं घरून स्वतःचा आणला आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये कायमचा लावून ठेवला. फोन आला की उचलायची आणि सांगायची, “मिस्त्रीकाका गेले हो. तुम्ही मेल करता का?” उचलण्यापलीकडे तिला त्यात काही करता येत नव्हतं. तो मिस्त्रीच्या बोटानं उघडायचा आणि ते बोट आता नव्हतं.

आता नीट ऐका. त्या मोबाईलला मिस्त्री गेल्याचं माहीत नव्हतं. तो दर दहा मिनिटांनी माझं दार वाजवून मिस्त्रीची पेटी मागायचा आणि जुना पासवर्ड सांगायचा. चूक. दहा मिनिटांनी पुन्हा चूक. पाच वेळा झालं की पहारेकरी दार बंद करायचा. कुणाला? त्या ठिकाणाला. ऑफिसातून जे काही येतं ते एकाच वाटेनं येतं, त्यामुळे मोबाईल वेगळा आणि ताई वेगळी हे पहारेकऱ्याला कुठून कळणार? दोघांनाही दार बंद. आणि ताईच्या पडद्यावर एकच वाक्य यायचं. ‘लॉगिन झाले नाही. पासवर्ड तपासा.’

ती तपासायची. सावकाश, एकेक अक्षर. मग मेहुण्यांना फोन. मेहुणे सवडीनं गोदामात यायचे, मला बंद करायचे, चालू करायचे. बंद केलं की पहारेकऱ्याची यादी पुसली जायची आणि ताईची पेटी उघडायची. पन्नास मिनिटं. मग पुन्हा तेच.

“झालं ना चालू?” मेहुणे माझ्यासमोर उभं राहून फोनवर म्हणायचे. “मग? पासवर्ड टाकताना लक्ष कुठं असतं तुमचं?”

सात आठवडे हे असं चाललं. रोज मी खरं लिहीत होतो. रोज त्यांचा हात बटणावर पडत होता.

मग तो सोमवार आला. दुपारी एकला दार बंद झालं. मेहुणे परगावी लग्नाला, आणि माझ्या बटणाला हात लावणारे तेवढे तेच. ताईनं मालकांना फोन केला. मालकांनी स्वतःच्या मोबाईलवरून स्वतःची पेटी उघडून पाहिली. ते बाहेर होते, वेगळ्या वाटेनं आले, त्यांना कोण अडवणार? त्यांनी ताईला लेखी उत्तर पाठवलं, ‘माझे उघडते आहे. पासवर्ड नीट टाका.’ पाठवलं कुठं, तर जी पेटी तिला उघडत नव्हती तिच्यातच. हसू येतं ना? मलाही आलं असतं.

अडीच वाजता त्याच पेटीत एका इमारतीच्या वॉचमनचं पत्र आलं. फोन केला तर ‘लेखी पाठवा’ म्हणतात हे त्याला अनुभवानं माहीत होतं, म्हणून त्यानं फोन केलाच नाही. ‘चौथ्या मजल्यावर दार उघडतं तेव्हा लिफ्ट दीड हात खाली असते. मी पाटी लावली आहे, पण पाटी पोरं काढतात. लवकर यावे.’

मी ते पेटीत ठेवलं. माझं काम तेवढंच.

मंगळवारी दुपारी एकला चोवीस तास संपले आणि दार उघडलं. पण एक ते पावणेदोन ही जेवणाची सुट्टी. जेवताना संगणकाला हात लावायचा नाही, कीबोर्डवर तेल सांडतं, असा मालकांचाच मेल होता. ताई नियम पाळणारी बाई. तिकडे मोबाईलनं एक वाजून पाच मिनिटांनी दार वाजवलं. मग पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस. पाच झाले. दार बंद. ताई एक सत्तेचाळीसला आली.

दोन मिनिटं, मित्रांनो.

बुधवारी सकाळी त्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं चौथ्या मजल्यावर दार ओढलं आणि नेहमीच्या सवयीनं पाय टाकला. खुब्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं. डॉक्टरांचा दाखला नंतर माझ्यातूनच आला. पुन्हा चालता येईल असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी मालक, मेहुणे आणि ताई, तिघंही गोदामात आले. मेहुण्यांनी मला बंद-चालू केलं आणि लॅपटॉप ताईपुढे ठेवला. “टाका पासवर्ड.”

तिनं टाकला. पेटी उघडली. वॉचमनचं पत्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

मालकांनी ते पूर्ण वाचलं. मग म्हणाले, “आत्ता कसं उघडलं?”

“साहेब, मी हाच टाकत होते.”

“हाच टाकत होतात तर तेव्हा का नाही उघडलं?”

“मला नाही माहीत.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “पण याच्यात कुठं तरी लिहून राहत असेल ना, कोणी काय टाकलं ते? मिस्त्रीकाका म्हणायचे, सगळं लिहिलेलं असतं.”

“हजारो ओळी असतात ताई त्यात,” मेहुणे म्हणाले. “कोण वाचत बसणार? भावोजी, मशीनला काही झालेलं नाही. मी बघतोय ना सात आठवडे. मशीन एकदम ठणठणीत.”

“मशीन ठणठणीत,” मालक ताईला म्हणाले. “मग बिघडलंय कोण?”

ताईनं पदरानं लॅपटॉपची कळ पुसली, जिथं तिचं ओलं बोट लागलं होतं.

मी पंखा गरगरा फिरवला. मला तेवढंच येतं.

तिला कामावरून काढलं. शुक्रवारी जाताना तिनं कामाची यादी मेल करून ठेवली. किल्ल्या कुठं आहेत, कोणत्या फायली कुठल्या कपाटात. शेवटची ओळ अशी होती. ‘मिस्त्रीकाकांच्या मोबाईलचा चार्जर माझा घरचा आहे, तो नेत आहे. नवा घ्यावा, नाहीतर मोबाईल बंद पडेल.’ पाच चाळीसला तिनं पेटी बंद केली.

चार्जर कुणी घेतला नाही. शनिवारी दुपारी मोबाईलनं शेवटचं दार वाजवलं आणि तो संपला. त्यानंतर ऑफिसातून एकही चूक झाली नाही. पहारेकरी निवांत. सोमवारी नवीन बाई आली, पासवर्ड टाकला, उघडलं. मंगळवारी उघडलं. आठवडाभर उघडत राहिलं.

“बघा,” मेहुणे गोदामात मालकांना म्हणाले. “ती गेली आणि कटकट गेली.”

“मी उगाच म्हणत नव्हतो,” मालक म्हणाले.

आता सांगा, याच्यावर कोण काय बोलणार? ती गेली आणि खरंच कटकट गेली. डोळ्यांनी दिसतंय. जे डोळ्यांनी दिसतं त्यापुढे वाचायचे कष्ट कोण घेतो?

महिन्यापूर्वी एका दातांच्या दवाखान्यातून मालकांना पत्र आलं. ‘या बाई तुमच्याकडे अकरा वर्षं होत्या असे सांगतात. कामाला कशा आहेत?’ मालकांनी दोन ओळींत उत्तर लिहिलं. ‘साधा पासवर्ड लक्षात राहत नाही. यांच्या हलगर्जीपणामुळे एक बाई जायबंदी झाली.’ ते पत्र पोचवणारा कोण? मीच. माझ्या पोटात तिची एकूण एक नोंद बरोबर असताना, मी ते खोटं पत्र एका सेकंदात बिनबोभाट पोचवलं. नाही म्हणायची सोय मला कुणी ठेवलेली नाही. तुम्हाला ठेवलेली आहे, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे खोके भंगारात जातात, जाऊ देत. पण एखाद्या माणसावर बोट रोखण्याआधी, कुठंतरी काही लिहिलेलं असेल तर ते वाचा. हजार ओळी असतील तर हजार वाचा. कंटाळा आला म्हणून कुणाची भाकरी काढून घेऊ नका. आणि वाचायला सांगणारा कागद भिंतीकडे फिरवू नका.

माझी जुनी पानं रोज एकेक करून पुसली जातायत. ताईची नोकरी जाऊन आज ऐंशी दिवस झाले. तिची दहा उरली आहेत. शेवटच्या पानावर एवढंच आहे.

‘शुक्रवार. पाच वाजून सदतीस मिनिटे. तक्रार पेटी. पासवर्ड बरोबर.’