आजींची चाकांवरची पोरगी

आमच्या क्लासात परदेशी भाषा शिकवायची ही नवी तऱ्हा आली, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. तिकडच्या एका वृद्धाश्रमात यंत्र ठेवलंय. चाकांवर उभा दांडा आणि वर स्क्रीन. आमच्या नर्सिंग झालेल्या पोरींनी इथे लॅपटॉपसमोर बसून ते तिथल्या खोल्यांतून फिरवायचं आणि खऱ्या माणसांशी बोलायचं, म्हणजे नोकरीला जाण्याआधी जीभ वळते. पोरी त्याला दांडू म्हणतात. दांडू दाराला धडकला की निस्तरायला मी.

शिडी त्यातलीच एक. उंच म्हणून शिडी. वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, पण दांडूतून बोलायला लागली की थांबायची नाही. कोपऱ्यातल्या खोलीतल्या एका आजींशी तिचं चांगलं सूत जमलं. आजींना अगदी धूसर दिसतं. चाकांची घरघर ऐकली की त्या स्वेटरची बटणं लावून ताठ बसायच्या. शिडीचे उच्चार त्यांनीच सुधारले, मी नुसता पगार घेतला.

परीक्षेनंतर शिडीला तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळत होती. हिने आजींचा आश्रम मागून घेतला. आई चिडली, क्लासचे सर चिडले, मीही चार शब्द सुनावले.

"मॅडम, तिथे माझं एक माणूस आहे," ती म्हणाली.

पोचल्यावर आठवडाभरात तिचा फोन आला. आजींना तिने पुटपुटत सांगितलं होतं की चाकांवरून बोलणारी ती मीच. आजी म्हणाल्या, "थट्टा करू नका. माझी पोरगी चाकांवर येते, आणि किती बोलते!" ही बोलून पटवणार होती, पण मुख्य नर्स मागे येऊन उभी राहिली आणि हिची दातखीळ बसली. तेव्हापासून आजींच्या लेखी ती आंघोळ घालणारी मुकी बाई.

"मी परत येते मॅडम. इथे मला कोणी ओळखतच नाही."

"अगं, आल्यासारखी दम धर जरा."

म्हटलं खरं, पण माझ्याच अंगात त्राण नव्हतं. पोरी तयार करायच्या, पाठवायच्या, त्यांची रडगाणी ऐकायची आणि पुन्हा नव्या बॅचला 'तुमचं नाव काय'पासून सुरुवात. मला या सगळ्याचा वीट आला होता.

त्याच आठवड्यात नव्या बॅचमधली एकजण दांडू घेऊन आजींच्या खोलीत गेली. मी शेजारी बसले होते. घरघर ऐकून आजींनी बटणं लावली. मग आवाज ऐकला आणि तोंड फिरवलं. "तू नव्हेस," म्हणाल्या. त्यांच्या मागे कोणीतरी चादर बदलत होतं. शिडी होती. तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, दांडूचा पासवर्ड द्या.

मी फोनच लावला. "कशाला? तू तिथेच आहेस ना?"

"द्या ना मॅडम."

नियमात बसत नव्हतं. सरांना कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. दिला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या लॅपटॉपवर गुपचूप बघत बसले; तिथे दांडूसमोरचं माणूस आणि तो चालवणारी, दोन्ही दिसतात. शिडी जेवणाच्या सुट्टीत आजींच्या खोलीपासून दोन दारं सोडून कपड्यांच्या खोलीत बसली होती, हातात मोबाइल, मागे टॉवेलांच्या थप्प्या. तिथून तिने दांडू आजींकडे नेला.

"आजी, कशा आहात?"

आजींचा चेहरा एकदम उजळला. "अगं, होतीस कुठे इतके दिवस?"

"कामात होते."

मग दोघी बोलत बसल्या. पाय दुखतात, सूप आळणी असतं, शेजारची बाई घोरते. शिडी हसत होती. तिकडे गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

निघायच्या वेळी आजी पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणला.

"इथे एक नवी आली आहे. हात फार मऊ आहेत तिचे. पण बोलत नाही गं कोणाशी. बिचारी एकटी पडली असावी. तू बोलशील का तिच्याशी?"

शिडीने मोबाइल जरा बाजूला धरला. मला नुसते टॉवेल दिसत राहिले.

"बोलेन," ती म्हणाली. मग तिने दांडू जागेवर नेऊन बंद केला, कारण आजींच्या आंघोळीची वेळ झाली होती.