गाऱ्हाण्याला होय म्हणणारं कोणी

कॉम्प्युटरचं काही अडलं की गावातली माणसं माझ्याकडे येतात, आणि काम झालं की पाठीमागे मला खुळो म्हणतात. म्हणोत बापडे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी काजूची कलमं लावली, मी लॅपटॉप घेतला. नवीन काही निघालं की उतरवून बघायचं, आणि चाललं नाही तर का चाललं नाही हे उकरत बसायचं, ही माझी खोड. माझा विहिरीवरचा पंप मोबाईलवरून चालू होतो. बोललेलं टाईप करणारी ॲप्स तर सगळी चाळून झाली. त्यांना पुस्तकी मराठी कळतं, पण मी मालवणीत तोंड उघडलं की भलतंच काहीतरी लिहून ठेवतात. आवशीचो घो तेंच्या.

मथुरा, म्हणजे माझी बायको, पुण्याला मुलीकडे आहे. दीपिकाच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. आधी बारशापर्यंत राहते म्हणाली, मग उष्टावणापर्यंत, मग दीपिकाची नोकरी परत सुरू होईपर्यंत. नात आता घरभर पळते. मी मथुराला कधी 'ये' म्हटलं नाही. का म्हणू? स्वतःच्या घरी यायला कुणाला अक्षता द्याव्या लागतात का? ही झाली माझी मिजास. खरं सांगायचं तर घर खायला उठतं. पेज एकट्यापुरती करायला गेलो तरी उरते, आणि उरलेली बघून अंगाचा तिळपापड होतो.

भाताची कापणी आटपली की आमच्याकडे राखण देतात. काजूच्या बागेच्या कडेला राखणदाराचा दगड आहे, त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. घालणाऱ्याने देवाला एकेक गोष्ट सांगायची आणि प्रत्येक वाक्याला मागच्या माणसांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. होय म्हणणारं कोणी नसेल तर ते गाऱ्हाणं कसलं, नुसती एकट्याची बडबड. पूर्वी मागे वाडी उभी असायची. आता शेजारची दारं गणपतीपुरती उघडतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मथुरा एकटीच होय म्हणायची, तीही असं खणखणीत की कावळे उडायचे.

यंदा ती फोनवर म्हणाली होती, "राखणेक येतंय, बघू." त्या 'बघू'ने माझी झोप उडवली. खालच्या वाटेवरचा कॉस्मे माझा जुना दोस्त. त्याला कळलं तेव्हा म्हणाला, "अरे, मी येतंय होय म्हणाक. तुझो देव आणि माझो देव खंय भांडतत?" मी नको म्हटलं. म्हटलं, माझी सोय मी करतो.

सोय कसली, तर दीपिकाने एका वर्षी राखणेचा व्हिडिओ काढला होता. त्यातला मथुराचा 'होय म्हाराजा' मी कापून घेतला आणि मागचा वारा पुसून काढला. मग एक प्रोग्राम लिहिला. मालवणी त्याला कळणार नव्हतंच, म्हणून शब्दांच्या नादी लागलो नाही. कोणी बोललं आणि थांबलं की थोडी शांतता मोजायची आणि मथुराचा आवाज वाजवायचा. चाचणी म्हणून मी ओटीवर लॅपटॉप चालू ठेवून बसायचो. "आज पेजेक मीठ जास्त झाला," म्हणायचो. "होय म्हाराजा." "कॉस्मे खुळो आसा." "होय म्हाराजा." प्रोग्राम कधीच बरोबर चालायला लागला होता, तरी माझी चाचणी संपेना.

राखणेच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी तो लॅपटॉपवरच घेतला, चाचणी चालू होती ती तशीच ठेवून.

"अवो, तिकीट काढलेला आसा," मथुरा म्हणाली. "पण नातीक ताप आसा. दीपिका म्हणता, ऱ्हव. मी नाय इलंय तर चलात तुमका?"

नाय चलाचा, ये. एवढंच म्हणायचं होतं. ते अगदी जिभेवर आलं होतं. पण मला वाटलं, इतकी वर्षं संसार केला, हिला न सांगता कळायला नको? मी गप्प राहिलो.

"होय म्हाराजा," लॅपटॉप म्हणाला.

मथुरा दचकली. "ह्यो माझो आवाज मां?"

आता तरी सरळ बोलावं की नाही माणसाने? मी प्रोग्राम बंद केला आणि तो समजावत बसलो. आवाज कसा कापला, वारा कसा काढला, शांतता कशी मोजतो, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. हसलीसुद्धा. मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाली, "बरा झाला. माका तीच काळजी हुती, गाऱ्हाण्याक होय कोण म्हणतला. आता तुमचा भागला. मी तिकीट रद्द करतंय."

"कर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवून मी दगडापुढे उभा राहिलो. "बा देवा राखणदारा, ही जी काय सेवा केली आसा ती मान्य करून घे रे म्हाराजा." मागून होकार आला, अगदी वेळेवर. "गुराढोरांक, झाडामाडांक सांभाळ रे म्हाराजा." पुन्हा आला. "नातीचो ताप उतरांदे रे म्हाराजा." तोही होकार आला. मग म्हणायला गेलो, "माझी बायल..." आणि पुढचं कसं मागायचं ते जुळवत राहिलो.

"होय म्हाराजा," मथुराचा आवाज म्हणाला.

कशाला होय? मी अजून काही मागितलंच नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. गाऱ्हाणं तिथेच अर्धं टाकून खिशातून फोन काढला आणि मथुराला लावला. माका एकट्याक करमत नाय गो, ये. म्हणायचंच, आता मिजास गेली चुलीत. फोन उचलला गेला.

"बाबा?" दीपिका होती. "आई आत्ताच जरा पडलीय. काल बाळाने तिला झोपूच दिलं नाही. काही निरोप सांगू?"

मी दगडाकडे बघितलं. मुलीला काय सांगणार?

"काय नाय," मी म्हणालो. "राखण झाली म्हणून सांग. मशीन बरोबर चालला म्हण."

"भारीच हो बाबा तुम्ही," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. "मी आईला तेच म्हणत होते, बाबांना आता कोणाची गरज नाही."