गाळलेला आठ

“बाईंना आठच आठवला नाही बघ,” पेंटर खालून म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसला.

रंगकामाच्या घोड्यावर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने कागद पुन्हा पाहिला. शाळेच्या गणिताच्या वर्गात, भिंतीवर रंगवायला बाईंनी दिलेला आकडा होता १२३४५६७९. तिचा सात नुकताच रंगवून झाला होता.

“दिलंय तसं रंगवायचं, असं तुम्हीच सांगता ना?”

“अगं, पण शहाण्याची चूक झाकावी, हेही मीच सांगतो.”

आजारपणाने त्याचा उजवा हात थरथरता करून ठेवला होता. तेव्हापासून पाट्या ती रंगवी. तो रंग ढवळी आणि हुकूम सोडी. हुकमांचं तिला काही वाटत नसे. पण ब्रशकडे तो पाठ करून बसे, ते मात्र तिच्या जिवाला लागे. आणि आज त्याने आपण होऊन हात पुढे केला.

“आण, एवढा आठ मी काढतो. एका ओढीचं काम. थरथरायला वेळच कुठाय?”

ती उतरली, तो चढला. श्वास रोखून तिने घोडा धरला. आठ उमटला, गोल मानेचा, ऐटीत शेपूट ओढलेला. तो त्याच्याकडे नव्या नातवाकडे पाहावं तसा पाहत राहिला.

तेवढ्यात बाई आल्या. भिंतीकडे पाहून हळूच म्हणाल्या की आठ मुद्दामच गाळला आहे. या आकड्याला नऊने गुणलं की ओळीने नऊ वेळा एक येतो. आठ घातला की सगळी गंमत जाते. फळ्यावर त्यांनी गुणून दाखवलं.

पेंटरचा चेहरा उतरला. बायकोने पांढऱ्या रंगाचा डबा उचलला, पण झाकण काढायला तिचा हात होईना. बाईंनी त्याची निळी झालेली बोटं पाहिली.

“आणि नुसते सातच हवे असतील,” त्या म्हणाल्या, “तर सात नवे त्रेसष्टने गुणायचं. हवा तो आकडा मिळतो.”

“आठ?” पेंटरने विचारलं.

“आठ नवे बहात्तर. खाली जागा आहे बघा.”

फळ्यावर नऊ आठ उभे राहिले. पेंटर पोट धरून हसला. “एकाला हाकललं, तर घरचं अख्खं खटलं घेऊन परत आला की!”

आपला आठ त्याने स्वतःच पांढरा केला. तो वाळल्यावर बायकोने तिथे नऊ बसवला, खाली ‘× ७२ =’ लिहिलं आणि ब्रश त्याच्या हाती दिला.

चौथ्या आठाची शेपूट नागमोडी गेली. तो पाचव्यात गुंग होता. ती शेपूट जरा सरळ करायची का, असं बाईंनी तिला हलकेच विचारलं.

“नको,” ती म्हणाली, “चालतोय की,” आणि रंगाचा डबा तिने त्याच्या आणखी जवळ धरला.