कुंपण सड्यावर चढलं

"साहेब, तुमच्या डिझेलच्या झाडाचा पाला म्हस खाती का?"

पैज माझ्या वर्गातल्या अक्षतानं लावली होती. "इचारून दाव, कटवडा माझ्याकडनं!" मी तालुक्यात वक्तृत्वात पहिली आलेली, मला माइकची भीती ती कसली! शाहूवाडीच्या आमच्या हायस्कूलचा अख्खा हॉल हसला. कार्यक्रमाला आलेले डिझेल कंपनीचे साहेबही हसले.

"नाही खात, बाळ. तोच तर फायदा! मोगली एरंडाला कुठलंच जनावर तोंड लावत नाही. राखण नको, काही नको. बियांपासून डिझेल, आणि तुम्ही धनगर आमचे भागीदार."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या आणि मध्येच थांबले.

मोगली एरंड आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या धनगरवाड्यावर गोठ्याभोवती त्याचंच कुंपण असतं, म्हशी खात नाहीत म्हणूनच! गेल्या पावसाळ्यात कंपनीनं तेच अर्ध्या सड्यावर लावलं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं आमचं चरायचं रान. उरलेला अर्धा, पाण्याकडचा, दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा होता.

आणि पहिल्या रांगेत कंपनीची हिरवी टोपी घालून बसला होता माझा बा. लागवडीचा मुकादम.

"मुकादमांची मुलगी ना? धीट आहे," साहेब माइकवरून म्हणाले. "उरलेली लागवड झाली की हिला कोल्हापुरात कॉलेजला आम्ही घालू."

अक्षता किंचाळलीच. "ये झोरे, नशीब काढलंस की गं!"

कोल्हापूर! वसतिगृह, मोठी लायब्ररी, संध्याकाळी रंकाळा. मला ते सगळं हवं होतं.

घरी चढताना बा खुशीत होता. "आजवर आमास्नी कुणी खुर्ची दिली न्हवती. आज पयल्या रांगंत बसवलं, बघितलंस न्हवं?"

वाटेवर शेजारची धोंडुबाई तिचा गोठा झाडत होती. रिकामा गोठा. अर्धा सडा गेल्यावर चारा पुरेना, तिनं म्हशी विकल्या आणि कंपनीचे खड्डे काढायला गेली. खड्डे संपले, तसं कामही संपलं.

"या भागीदार," ती बाला म्हणाली. "माझ्या वाट्याला खोरं आलतं. तेबी माघारी नेलं की तुमच्या सायबानं."

बा तसाच पुढं चढू लागला.

घरी आई झाडावरून उतरत होती. गवत उरलं नाही म्हणून ती फांद्या तोडून म्हशींना घालते. तिचे हात कोपरापर्यंत खरचटलेले. कॉलेजचं ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडं बघवेना.

"खरंच घालत्यात? माझ्या लेकीला?" मग तिची नजर मोरी म्हशीकडं गेली. भुकेनं ती दोन दिवस उठली नव्हती. "आन म्हसरं वो?"

"इकायची," बा म्हणाला. "झाडाला बी धरलं की..."

"धरंपतूर?"

बानं टोपी काढली आणि आत काही लिहिलेलं असल्यासारखा टोपीत बघत बसला.

मी उभी राहिले. स्टेजवर राहते तशीच.

"बा, आये, ऐका. मी कोल्हापूरला न्हाय जाणार. उद्या शाळंलाबी न्हाय. समद्या वाड्याची म्हसरं घेऊन वरल्या सड्यावर जाणार आन पाण्यापशी बसणार. रोपं घिऊन येतील त्यांनी म्हसरांतनं वाट काढावी. आन बा, त्यांच्यात तू असलास तर तुलाबी वाट देणार न्हाय मी."