पादचारी पुलाचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुना पादचारी पूल आहे. मान वर केलीत तर दिसेन. पण हल्ली माझ्याकडे मान वर करून पाहतं कोण?

कारखान्यात माझे लोखंडी भाग घडले आणि या रस्त्याच्या डोक्यावर मला जोडलं गेलं. फीत कापली, भाषणं झाली. "आता माणसं निर्धास्त चालतील," असं पाहुणे म्हणाले आणि मी फुगून गेलो. त्याच आठवड्यात खालचे, रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे खरवडून काढले, तेव्हा कुठे मला शंका आली. पट्टे गेले आणि गाड्यांना रान मोकळं मिळालं. सोय त्यांची झाली होती, नाव मात्र माणसांचं होतं.

माझ्या पायऱ्या चढताना तरणीताठी माणसंसुद्धा कुरकुरत. म्हातारी आणि लेकुरवाळी माणसं जीव मुठीत धरून खालूनच पळत. हळूहळू माझ्यावर पालापाचोळा साचला, कबुतरांनी संसार थाटला. लोक आळशी झालेत, असं म्हणत मी मनातल्या मनात रुसून बसलो.

माझा हा समज समोरच्या शिंपीणबाईंनी मोडला. जन्मभर पायमशीन चालवून त्यांचे गुडघे पार गेले होते. नातीला शाळेत सोडायला त्या खालूनच जात. एका सकाळी एक भरधाव गाडी नातीच्या दप्तराला घासून गेली. पोर पडली, हनुवटी फुटली. मी वरून नुसता बघत राहिलो.

गाडीवाला काच खाली करून ओरडला, "ओ आजी, डोक्यावर एवढा पूल आहे, दिसत नाही?"

"दिसतो रे बाबा! पण गुडघे माझे दुखतात, तुझ्या गाडीचे नाही. तिलाच चढव की वर!"

त्या दिवशी बाईंनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि जाड काळ्या कापडावर रुंद पांढऱ्या पट्ट्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळी गाड्यांची रांग जरा तुटताच पोरांच्या दोन आयांनी ते लांबलचक कापड रस्त्यावर अंथरलं. बाई नातीचा हात धरून त्यावरून सावकाश चालल्या, मागून शाळेची सगळी पोरं. गाड्या करकचून थांबल्या. मग हे रोजचंच झालं.

गाडीवाल्यांच्या तक्रारी गेल्या आणि रस्ते विभागाचे साहेब आले.

"बाई, कापडाचे पट्टे कायद्यात बसत नाहीत."

"मग रंगाचे मारा. मी माझं कापड गुंडाळते."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा पूल आहे तोवर खाली पट्टे मंजूर होत नाहीत हो."

"मग पूल हलवा. मी काही हलणार नाही."

मित्रांनो, ते ऐकून मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोरीच्या वाटेत गाडीइतकाच मीही आडवा आलो होतो.

उद्या मला तपासायला माणसं येणार आहेत. रंग देऊन ठेवायचं की उतरवायचं, ते ठरेल. जुन्या वस्तू नेहमी विनवतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला उतरवा. जपायचंच असेल तर हळू चालणाऱ्या माणसांना जपा. गंजलेला एकही सांधा मी उद्या लपवणार नाही. फक्त माझं लोखंड वाया घालवू नका. ते वितळवा, त्याचा सिग्नलचा खांब करा आणि इथेच, नव्या पट्ट्यांशेजारी रोवा. आजवर मी माणसांना वर पिटाळलं. आता मला गाड्या थांबवायच्या आहेत.