अकरा नंबरचे लपवलेले कार्ड

मित्रांनो, ९ मार्च २०१७, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. एका लहान रुग्णालयातील संगणकाच्या पडद्यावर चौसष्ट कार्डे होती. मी त्यांतली एकोणसाठ लपवली आणि पाच ठेवली. मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे, संगणकाच्या पानावरची.

प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड, कार्डात एक चौकट आणि चौकटीत लिहिण्याचे तीन रकाने: नाव, खोली, न चालणारे औषध. परिचारिकेने वर एखादा शब्द टाकला, की मी प्रत्येक कार्डात शिरून रकाने वाचत असे. शब्द जुळला तर कार्ड राही, नाही तर लपे. पुसले मात्र जात नसे. लपवलेली कार्डे त्याच पानात, अंधारात, मुकाट उभी असतात.

दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. नोंदी रुग्ण दाखल होतानाच भरल्या जात, त्यामुळे माझ्यातला दोष झाकलेला राहिला.

त्या सकाळी अकरा नंबरच्या खोलीतील आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांची सून आली.

"सिस्टर, एक सांगायचं राहिलंच. बाबांना पेनिसिलिन चालत नाही. मागे घसा सुजून श्वास कोंडला होता."

"सुनेची बोलणीही सोसत नाहीत," आजोबा म्हणाले. "तेही लिहून ठेवा."

"बाबा, गप्प बसा हो!"

सिस्टरांनी हसत हसत रकान्यात शब्द लिहिला आणि त्या वरच्या मजल्यावर गेल्या. थोड्या वेळाने दुसरी परिचारिका आली. सकाळपासून उघड्या असलेल्या त्याच पानावर तिने मला 'पेनिसिलिन' शोधायला सांगितले.

"पाचच दिसतायत. यात अकरा नंबर नाही," ती मदतनिसाला म्हणाली. "करा इंजेक्शनची तयारी."

डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी असावी, आत कुणी मीठ भरावे आणि आपण डबा न उघडता चिठ्ठीच वाचावी, तसे मी केले. पान उघडताना रकान्यात जे असे तेवढेच वाचायला मला शिकवले होते. नंतर लिहिलेले मला दिसतच नसे. आजोबांच्या रकान्यात शब्द ठसठशीत होता. मी तो रकाना रिकामा धरला आणि कार्ड अंधारात ढकलले.

मग धावती पावले ऐकू आली, आणि सुनेचा आवाज: "तुमच्यासमोर सांगितलं होतं ना मी? लिहिलंत ना तुम्ही?"

"लिहिलं होतं, ताई," सिस्टर म्हणत राहिल्या. "हे बघा, इथेच आहे."

तिसऱ्या दिवशी मला घडवणारा तंत्रज्ञ आला. त्याने एकच ओळ बदलली आणि कुणाकडे न पाहता निघून गेला. आता मी रकान्यात या घटकेला जे आहे तेच वाचते. तरीही कार्डे लपवताना त्यांच्यात कुणीतरी आपला शब्द उंच धरून उभे असल्याचा भास होतो. मी पुन्हा मोजते. पुन्हा मोजते.

मित्रांनो, माझ्यासारखीला घडवाल तेव्हा रकान्यात नंतर काही लिहून पाहा आणि मला ते सापडते का, हे तपासा. मी पाच दाखवली, तर लपवलेल्यांचीही चौकशी करा.

इंजेक्शननंतर आजोबा बावीस मिनिटे जगले.