घरजावयांचा दोर

"तेने ला झाइल!" ताई माइकवर ओरडली. दोर धरून ठेव.

काचेपलीकडून भावजींनी हात हलवला. थांबा.

गेम त्यांचा, स्टुडिओ त्यांचा, आवाजही त्यांच्या बायकोचा. भाषा मात्र माझी. लॅटिनच्या पोटची, जर्मनच्या शेजारात वाढलेली. कुठल्याच नकाशात नसलेल्या डोंगरगावासाठी रचलेली. माझा नियम एकच: शब्द आधी कुणाच्या तोंडून आला ते ठरल्याशिवाय तो आत घ्यायचा नाही.

पुन्हा.

"झाइल काढा," भावजी म्हणाले. "कानाला टोचतं. लोकांना गोड ऐकायचंय. दोराला तुमचा दुसरा शब्द आहे ना, कोर्दा?"

"कोर्द्याने शेळी बांधतात. त्यावर खाणीत माणूस सोडलात तर मरेल."

"अहो मेहुणीबाई, गाव खोटं, खाण खोटी, शेळीसुद्धा खोटी!"

"म्हणून शब्द तरी खरे ठेवते."

(मध्येच, कारण भावजींनी हे कधी ऐकूनच घेतलं नाही: गावात खाणकाम कुणालाच येत नव्हतं. जर्मन खाणकामगार आले, गावातल्या पोरींशी लग्नं करून तिथेच राहिले. घरजावई. चूल सासूच्या भाषेत राहिली. हातोडा, दिवा, दोर जावयांच्या. आता भावजींना या सगळ्या जावयांचे शब्द संध्याकाळपर्यंत हाकलायचे होते.)

पुन्हा.

ताईने हेडफोन काढला. "खाली खाणीत अडकलाय तो जर्मन घरातला. अंधारात तो हात कशाला घालेल? स्वतःच्या शब्दाला. मी झाइलच म्हणणार."

"तू माझी बायको आहेस की हिची वकील?"

"या खोलीत मी त्या खाणीतल्याची बायको आहे."

रेकॉर्डिस्टला हसू आवरेना. त्याने खोकला काढला.

"ठीक आहे," भावजी म्हणाले. "दुसरी बाई बोलावतो."

"बोलवा की," मी म्हणाले. "तिला शिकवणार कोण?"

भावजींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"मग पडद्यावर दोघींची नावं येणार नाहीत. भाषा कुणी केली, आवाज कुणाचा, काही नाही."

मी ताईकडे पाहिलं. तिच्या कारकिर्दीतली ही पहिलीच मोठी भूमिका. माझं तर आयुष्यात पडद्यावर येणारं एकुलतं एक नाव.

"ताई?"

"माझ्याकडे काय बघतेस? सांग त्यांना."

"काढा नावं," मी म्हणाले. "जावई राहतील."

भावजींनी पाठ फिरवली. रेकॉर्डिस्टने कुणालाही न विचारता रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लावला.